उलुरूला जाताय? चढायचं नाही, प्रदक्षिणा घालायची

सिडनी-मेलबर्नला मुलांकडे आलेले आई-बाबा असले की कधीतरी "तो लाल दगड बघायचाय" (ऑस्ट्रेलियाच्या मधोमध वाळवंटातला प्रचंड खडक, उलुरू) हे निघतंच, आमच्याकडेही निघालं, आणि जाऊन आल्यावर वाटलं की चार गोष्टी आधी कोणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

पहिलं म्हणजे नाव. एअर्स रॉक हे १८७३ मध्ये एका गोऱ्या सर्वेअरने ठेवलेलं नाव, विमानतळाला अजून तेच आहे, पण तिथे गेल्यावर उलुरू म्हणा. जागा आनंगू लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची आहे, २६ ऑक्टोबर १९८५ ला सरकारने ती त्यांना परत दिली आणि त्यांनी ती ९९ वर्षांच्या कराराने नॅशनल पार्क म्हणून चालवायला सरकारलाच दिली. वर चढणं बरोबर त्याच तारखेला २०१९ पासून कायमचं बंद आहे. चढणाऱ्यांना आनंगू 'मिंगा' म्हणायचे, म्हणजे मुंग्या (आपल्या शब्दाच्या किती जवळचा आहे बघा!).

राहायचं पार्कबाहेरच्या युलारा गावात, पार्कच्या आत मुक्काम करता येत नाही. पार्कचा पास ३ दिवसांचा, मोठ्यांना ३८ डॉलर, १८ च्या खालच्यांना फुकट, ऑनलाइनच काढून ठेवा. पूर्ण २ दिवस तरी हवेतच. लोक दुपारी उतरतात, सनसेटचा फोटो काढतात, सकाळी सनराइज आणि परत विमान, एवढं तिकीट काढून हे काय बघणं झालं?

आमचं चुकलं ते इथे. पार्कमधलं कल्चरल सेंटर आम्ही शेवटच्या दिवशी ठेवलं, ते पहिल्यांदा करा. तिथे चुकुर्पा म्हणजे काय ते कळतं, आनंगूंचे पूर्वज, त्यांच्या कथा, वागायचे नियम सगळं त्यात आलं, आणि मग दगडावरची प्रत्येक खाच, भोक, काळा ओघळ वेगळाच दिसायला लागतो. तिथे आत फोटो काढायचे नाहीत.

बेस वॉक, म्हणजे दगडाला पायी प्रदक्षिणा, साधारण साडेदहा किलोमीटरचा, सपाट आहे, आरामात साडेतीन-चार तास. उन्हाळ्यात पहाटे निघून ११ च्या आत संपवा, पारा ३६ च्या वर जाणार असेल तर काही वाटा बंद करतात. गुडघे दुखत असतील तर कुनिया वॉक, पाणवठ्यापर्यंत जाऊन परत यायचं, आईला तोच जास्त आवडला, कारण एवढ्या वाळवंटात एकदम गारवा आणि पक्षी. माला वॉक ही पायथ्याचीच आणखी एक वाट, तिथे पार्कच्या रेंजरबरोबर फुकट जाता येतं, वेळ तेवढी विचारून घ्या.

आता फोटोचं. वाटेत काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. तिथल्या दगडाचा आकार आनंगूंसाठी पोथीसारखा आहे, तो त्या जागी जाऊनच बघायचा, आणि काही जागा फक्त बायकांच्या तर काही फक्त पुरुषांच्या. आपण गाभाऱ्यात मोबाइल काढतो का, तसंच. मी गप्पांच्या नादात एक पाटी न बघता दोन फोटो काढले, पुढे गेल्यावर लक्षात आलं, तिथेच डिलीट केले. माणसांचे फोटोही विचारल्याशिवाय नाही.

खरेदी करायची तर कल्चरल सेंटरमधलं मारुकू आर्ट्स बघा, आनंगू कलाकारांच्याच मालकीचं आहे. लाकडी सरडे, वाडगे असतात, त्यावर लालबुंद तापवलेल्या तारेने डागून नक्षी काढलेली, हातात धरलं की जळक्या लाकडाचा बारीकसा वास येतो. स्वस्तातला ठिपक्यांचा मॅग्नेट कुठेही मिळतो, पण कलाकाराचं नाव नसेल तर घेऊ नका, तो बाहेरून आलेला माल असू शकतो.

माश्यांसाठी डोक्यावरून घालायची जाळी घ्या, हसू नका, नाकातोंडात जातात. पाणी भरपूर. आणि आठवण म्हणून खडा, वाळू काहीही उचलू नका, नेलेले दगड लोक नंतर माफीची पत्रं लिहून पार्कला पोस्टाने परत पाठवतात. बुटांना लागलेली लाल माती तेवढी येतेच घरी, बाबांच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवरून ती अजून गेलेली नाही.