जुलाबाचं बाळ घरी सोडताना आईला आणि आजीला कसं शिकवायचं

पावसाळा लागला की आमच्या नाशिकमध्ये लहान मुलांच्या वॉर्डात जुलाब-उलट्यांचीच लाईन लागते. सिडको-सातपूरची बाळं असतात, पेठ-सुरगाण्याहून आलेली असतात, बागेच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे आलेल्या मजुरांचीही असतात. हे लिहितेय ते नवीन जॉईन झालेल्या सिस्टर लोकांसाठी. सलाईन लावायला तुम्हाला शिकवलेलं असतं, पण डिस्चार्जच्या वेळी घरच्यांना समजवायचं कसं हे कोणी नीट दाखवत नाही. कागद हातात द्यायचा, "ओआरएस पाजा, झिंक द्या, समजलं ना?" म्हणायचं, आई मान हलवते आणि आपण पुढच्या बेडवर. मान हलवली म्हणजे समजलं असं कधीच धरू नका.

मी नवीन होते तेव्हा एका आईला "पुडी पाण्यात टाकून पाजत राहा" एवढंच सांगितलं होतं. तिने एक लिटर पाण्यात घालायची अख्खी पुडी एका पेल्यात कालवली आणि बिचारी मन लावून पाजत राहिली, दोन दिवसांनी बाळ परत आलं ते सुस्त होऊन, रक्तातलं सोडियम वाढलेलं. बाळ वाचलं, पण सगळे त्या आईवर ओरडले आणि चूक माझी होती, कारण किती पाणी घ्यायचं हे मी सांगितलंच नव्हतं.

म्हणून पहिलं काम, पुडी आईच्या हातात द्या, आणि तीच द्या जी ती घरी नेणार आहे. बाजारात दोन साईज मिळतात, मोठी १ लिटर पाण्याची आणि छोटी २०० मिलीची, पाकिटावर लिहिलेलं असतं ते तिला दाखवा, वाचता येत नसेल तर मोठी-छोटी शेजारी ठेवून दाखवा. मग विचारा, "ताई, घरी पाणी कशाने मोजाल?" पाण्याची लिटरची बाटली बहुतेक घरात सापडतेच, ती स्वच्छ धुवून वापरायची. छोटी पुडी असेल तर घरचा पेला मागवा, वॉर्डातल्या मापाने त्यात २०० मिली पाणी ओता आणि जिथवर पाणी आलं तिथे बाहेरून चिकटपट्टी लावून द्या, कारण प्रत्येक घरचा पेला वेगळा असतो. पाणी उकळून गार केलेलं, ते जमत नसेल तर घरातलं सगळ्यात स्वच्छ प्यायचं पाणी. पुडी पूर्ण टाकायची, अर्धी अर्धी नाही. वरून साखर, मीठ, दूध, ज्यूस काही घालायचं नाही, कालवल्यावर परत उकळायचं नाही, झाकून ठेवायचं आणि २४ तासांनी उरलेलं ओतून नवीन करायचं. हे सगळं तिच्या हातून करून घ्या, तुम्ही हात लावू नका. मग एक घोट तिलाच प्यायला सांगा. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर काहीतरी चुकलंय, हे बायकांच्या बरोबर लक्षात राहतं.

किती पाजायचं? प्रत्येक पातळ शी झाली की २ वर्षांच्या आतल्या बाळाला ५० ते १०० मिली, म्हणजे पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. चमच्या-चमच्याने, मिनिटा-दोन मिनिटाला एक. बाटलीने गटागटा पाजलं की उलटी होते, मग घरचे म्हणतात याला ओआरएस सहन होत नाही आणि बंदच करून टाकतात. उलटी झाली तर १० मिनिटं थांबायचं आणि परत सुरू, आधीपेक्षा हळू, हे आधीच सांगून ठेवा.

आता आजी. घरी बाळाजवळ बसणार आजी, ठरवणारही आजीच, त्यामुळे ती व्हिजिटला आली की तिला खुर्ची द्या आणि सगळं तिच्यासमोर परत करून दाखवा. आजींचा प्रश्न ठरलेला असतो, "हे पाजून दोन दिवस झाले, जुलाब कुठं थांबले?" प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, अंगातलं गेलेलं पाणी आणि मीठ भरून निघतं, आणि बाळ जातं ते पाणी संपल्यामुळे. जुलाब त्यांच्या वेळेने काही दिवसांत थांबतात. हे नीट सांगितलं नाही तर घरी गेल्या गेल्या बंद करण्याचं औषध शोधायला माणूस मेडिकलवर जातो.

आजी म्हणते "टाळू खोल गेलीये", आणि तेल भरायला घेते. तिला गप्प करू नका! तिने बरोबर ओळखलंय, लहान बाळाची टाळू खोल जाणं ही पाणी कमी झाल्याचीच खूण आहे. तिला म्हणा, "आजी, तुमची नजर पक्की आहे, पण ही टाळू वरून तेल लावून नाही भरणार, तोंडातून पाणी पाजून भरेल, आणि भरली की नाही ते तुम्हीच बघत राहा." आजी तुमच्या बाजूने आली की अर्धं काम झालं. जायफळ उगाळून चाटवायचं मात्र स्पष्ट नको म्हणा, त्याने बाळ गुंगलं तर ते आजाराने सुस्त आहे की जायफळाने हेच कळत नाही. "दात येतायत, होतात जुलाब" म्हणून वाट बघत बसायचं नाही. पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवायचं नाही, अंगावरचं दूध जास्त वेळा पाजायचं, ६ महिन्यांच्या वरच्या बाळाला मुगाची खिचडी, ताक-भात, नाचणीची पेज, जे घरात शिजतं ते थोडं थोडं.

घरच्यांच्या हातून हे होईल का अशी शंका तुम्हाला आली तर १९७१ आठवा. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ होती, सलाईन संपत आलेलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवलं आणि पेशंटच्या नातेवाईकांनाच पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं. पाजणारे हात घरच्यांचेच होते.

मेडिकलवर नुसतं "ओआरएस द्या" म्हणू नका, पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या असं सांगा. टेट्रापॅकमधली गोड पेयं बरीच वर्षं ओआरएस नाव लावून खपली, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ते नाव वापरायला बंदी केली, पण लोकांच्या डोक्यात तोच खोका बसलाय. जास्त साखरेने जुलाब वाढतात.

झिंक १४ दिवस. २ ते ६ महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलीग्राम म्हणजे २० मिलीग्रामची अर्धी गोळी, ६ महिन्यांच्या वर रोज पूर्ण गोळी, चमच्यात पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबले की गोळी बंद करतात, हे सगळीकडे होतं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर १४ गोल करायला सांगा आणि रोज एक खोडायचा.

परत कधी आणायचं हे सगळ्यात सावकाश सांगा. काहीच पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटून टाकतं, शीतून रक्त, झटका, डोळे खोल, हाक मारली तरी सुस्त, ६-८ तास लघवी नाही, यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही, आणि २ महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर जुलाब लागले की लगेच दाखवायचं. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर जाणाऱ्यांना विचारा, गावातून शेवटची गाडी किती वाजता? अंधार पडायच्या आत निर्णय घ्यायचा, रात्री १०८ ला फोन करायचा आणि वाटेतही चमच्याने पाजत राहायचं.

शेवटी "समजलं का" विचारू नका, "घरी मिस्टरांना कसं सांगाल ते मला सांगा बरं" असं म्हणा, जिथे अडकेल तेवढंच परत शिकवा. आणि आई पुडी कालवत असताना तिच्याच मोबाईलवर व्हिडिओ काढून द्या, तिच्या आवाजात, पेठ-सुरगाण्याकडच्या कोकणीत बोलत असेल तर कोकणीत, अहिराणीत बोलत असेल तर अहिराणीत, म्हणजे जी आजी हॉस्पिटलला येऊच शकली नाही तीसुद्धा तो घरी बघेल.