कचरा वेगळा करताय? मग निदान या चुका टाळा

काही वर्षं मी सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरण केंद्रात देखरेखीचं काम केलं. घरातून निघालेली पिशवी तिथे सरकत्या पट्ट्यावर फुटते आणि त्या घराची शिस्त सगळ्यांसमोर पसरते. चुका रोज त्याच. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे सुक्या कचऱ्यात अर्धवट भरलेली बाटली टाकणं. "प्लास्टिक आहे ना, मग सुकंच की!" हो, पण आतलं तेल सुकं नाही. कचऱ्याची गाडी माल दाबत दाबत भरते. त्या दाबाखाली झाकण उडतं आणि आत असेल ते शेजारच्या कागदावर सांडतं. कागदाचा लगदा पाण्यात होतो, तेल पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे तेलकट कागदाचा पुढे धड कागद होत नाही.

एकदा आमचा कागदाचा भरलेला ट्रक खरेदीदाराने दारातूनच परत पाठवला. वरचे गठ्ठे उत्तम होते, पण त्याने मधला एक फोडायला लावला आणि आत सगळं चिकट निघालं. एक-दोन बाटल्यांचं काम असावं. आम्ही चौघं दोन दिवस गठ्ठे सोडून चांगला कागद वेगळा करत बसलो आणि तरी निम्मा माल कचराभूमीवर गेलाच. ज्या घरातून ती बाटली आली त्या घराने त्या दिवशी "आम्ही कचरा वेगळा करतो" असं अभिमानाने सांगितलंही असेल.

माझी सवय साधी आहे. भांडी घासून झाली की उरलेल्या पाण्यात डबा-बाटली विसळायची आणि सिंकशेजारी रात्रभर उपडी ठेवायची. सकाळी सुक्या डब्यात. लखलखीत घासत बसू नका, तेवढ्यासाठी चांगलं पाणी घालवणं हाही वेडेपणाच. घाण निघाली आणि वास गेला, की पुरे.

ओला कचरा पिशवीत घालून गाठ मारणं ही दुसरी चूक. ती गाठ कुणीतरी हाताने सोडतं. मी सोडल्या आहेत, वासाचं वर्णन करत नाही. नाही सोडली, तर पिशवी खतात जाते आणि तुकडे होऊन तिथेच राहते. पिशवीवर "विघटनशील" लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. अशा बऱ्याच पिशव्यांची चाचणी मोठ्या प्रकल्पातल्या साधारण ५८ अंश सेल्सिअस तापमानाला होते. घरच्या खताच्या कुंडीत तेवढी ऊब बहुधा नसते. डब्याच्या तळाशी जुना कागद घाला, ओलावा तोच शोषतो.

प्लास्टिकच्या डब्या-बाटल्यांवर छापलेल्या त्रिकोणातल्या आकड्यावर भरवसा ठेवणारेही पुष्कळ. हे आकडे १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने आणले, तेही प्लास्टिकची जात ओळखता यावी म्हणून. आकडा आहे म्हणजे त्याचं पुन्हा काही होणारच, असं नाही. १ आणि २ ला बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक असतं. बाकीच्यांचं तुमच्या भागात काय होतं, ते कचरा उचलणाऱ्यालाच विचारा. त्याला तुमच्या फोनपेक्षा जास्त माहीत असतं.

काळं प्लास्टिक वर्गीकरण करणाऱ्या यंत्राच्या प्रकाशकिरणांना बहुतेकदा दिसतच नाही, कारण त्यातली काजळी ते किरण शोषून घेते. दुकानाच्या गुळगुळीत पावत्या कागदात नकोत, त्यांच्यावर रसायनाचा थर असतो. फुटलेली काच कागदात गुंडाळून खोक्यात घाला आणि वर "काच" असं ठळक लिहा. उष्णता सोसणारी काचेची भांडी बाटल्यांच्या काचेत टाकू नका, ती जास्त तापमानाला वितळतात.

बॅटरी मात्र एका ओळीत उरकणार नाही. मोबाइलची, खेळण्यातली, पॉवर बँकेतली, कुठलीही लिथियमची बॅटरी गाडीत चिरडली गेली की आत शॉर्टसर्किट होऊन पेट घेऊ शकते, आणि आजूबाजूला सगळा कोरडा कागद. आमच्या शेडमध्ये एका दुपारी ढिगातून धूर यायला लागला. फावड्याने माल बाजूला ओढला तेव्हा तळाशी एक फुगलेली पॉवर बँक होती. थोडक्यात वाचलो. मी घरी टोकांना चिकटपट्टी लावून बॅटऱ्या वेगळ्या डब्यात साठवतो आणि ई-कचरा घेतात तिथे नेऊन देतो. फुगलेली असेल तर साठवतही नाही, त्याच दिवशी नेतो.

आणि नव्या उत्साही मंडळींना एक विनंती. पहिल्याच दिवशी पाच रंगांचे पाच डबे आणू नका. मी पाहिलेल्या अशा घरांत दोन आठवड्यांनी त्यातल्या एका डब्यात कांदे-बटाटे असतात. ओलं, सुकं आणि बॅटऱ्या-बल्बसाठी एक खोका, एवढ्यावर तीन महिने काढा. घरातल्या सगळ्यांचा हात न विचारता योग्य डब्याकडे जायला लागला, की मग चौथा डबा आणा.