ओढ्याला मळीचं पाणी आलं तर आधी प्रदूषण मंडळाचा माणूस आणा

गेल्या गळीत हंगामात निपाणीकडच्या आमच्या ओढ्याला साखर कारखान्याच्या मळीचा वास सुटला. विहिरीचं पाणी चहासारखं, म्हशी तोंड लावेनात. मी बाटली भरून खासगी लॅबला धावलो आणि अकरा दिवस घालवले. तो कागद कोर्टात टिकत नाही बघा. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यात रीत ठरलेली आहे: नमुना राज्याच्या प्रदूषण मंडळाच्याच माणसानं घ्यायचा, कारखान्याला तिथंच नोटीस द्यायची, दोन भाग करून सील लावायचं.

म्हणून वास आला त्याच दिवशी कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागातल्या कचेरीत अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज कन्नडात द्या. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण भाषेवरनं अर्ज अडला तर ओढा थांबत नाही. माझा अर्ज माझ्या पुतण्यानं लिहून दिला. पाइप नेमका कुठं उघडतो, त्याचा नकाशा जोडा. नाहीतर माणूस गेटवरनं चहा पिऊन परत जातो.

एवढी घाई कशाला? पूर्वी कारखान्याला पाण्यावर उपकर होता, 1977 च्या कायद्यानं. तो 2017 मध्ये जीएसटी आली तेव्हा गेला. आता कारखान्याच्या खिशाला लागते ती पर्यावरण भरपाई, आणि ती दिवसांवर मोजतात. केंद्रीय मंडळाच्या सूत्रात साखर कारखान्यासारख्या लाल, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषणाच्या, वर्गाला 80 गुण, त्याला 250 रुपयांनी गुणायचं, मोठा उद्योग असेल तर दीडपट. दहा लाखांच्या आतल्या गावाजवळ दिवसाला 30,000 रुपये. मोजणी सुरू होते मंडळानं उल्लंघन पाहिलं त्या दिवसापासून. माझे अकरा दिवस म्हणजे 3,30,000 रुपये हिशेबातच आले नाहीत.

कचेरीत गेलात की मंडळानं कारखान्याला पाणी सोडायला दिलेल्या संमतीच्या अटींची नोंदवहीही मागा. ज्याला झळ बसते त्याला ती बघायचा हक्क कायद्यानंच आहे. शेतात सोडायच्या पाण्याला बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना खाल्ला जाणारा प्राणवायू, लिटरला 100 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, नदीत 30. अटीतला आकडा वहीत उतरवून घ्या.

पीक गेलं असेल तर नुकसानीसाठी राष्ट्रीय हरित लवादाचं, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टाचं, चेन्नईचं खंडपीठ आहे, पाच वर्षांच्या आत. अर्ज ऑनलाइन जातो.

आणि दोन दिवस पाणी निवळलं म्हणून कचेरीला फोन करून ‘झालं आता’ म्हणू नका. मोजणी थांबते ती मंडळानं परत येऊन तपासल्यावर.