लाकडी ठशातलं लहान मूल

जपानी पद्धतीची ठसाचित्रं शिकायला आलेले बहुतेक जण आधी लाट नाहीतर फूजी पर्वत कोरायला घेतात. मी सांगेन, लहान मूल घ्या. या पद्धतीत चेहऱ्यावर छायाप्रकाश नसतो. असतात फक्त रेषा आणि सपाट रंग. त्यामुळे गोंडस डोळे काढून भागत नाही, भाव मांडणीतूनच आणावा लागतो.

त्यासाठी जपानी ठसाचित्रकार उतामारोची यामाउबा (लोककथेतली डोंगरातली बाई) आणि किंतारो (तिने वाढवलेला पोरगा) ही मायलेकरं समोर ठेवून बसा. तिच्या मोकळ्या केसांचा काळाभोर पसारा आणि त्याला बिलगलेलं पोराचं तांबडं अंग. दोन रंगांच्या या जवळिकीतच माया दिसते. त्याचंच मच्छरदाणीतून बाहेर येणारी आई आणि डोळे चोळणारं मूल हे चित्रही बघा. मुलाची झोप त्या हाताच्या वळणात आहे, चेहऱ्यात शोधू नका.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मात्र मूलच नसलेल्या चित्राने. दुसरा ठसाचित्रकार हिरोशिगे, त्याच्या एदोच्या (म्हणजे आजच्या टोकियोच्या) शंभर दृश्यांच्या मालिकेत (1856–58) सुइदोबाशी या पुलाचं एक चित्र आहे. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी मुलग्यांचा सण असे, तेव्हा मुलगे असलेल्या घरी कार्प माशाच्या आकाराचे ध्वज उभारत. हिरोशिगेने त्यातला एक मासा एवढा पुढे आणलाय की उभा कागद त्यानेच भरतो. पूल, माणसं, फूजी सगळं मागे, इवलंसं. लहानपणी वस्तू अशाच अंगावर येतात, नाही का? तेव्हा कच्चं रेखाटन करताना नजर मुलाच्या उंचीवर न्या आणि एखादी वस्तू कडेला बेधडक कापा.

आता हाताचं काम. रेखाटन पातळ कागदावर करून फळीवर पालथं चिकटवायचं, म्हणजे छापताना चित्र सुलटं येतं. आधी रेषांचा ठसा कोरा, मग त्याच्या छापांवरून रंगांचे. दोनतीन रंग पुरेत. जपानी कारागीर रानचेरीचं लाकूड वापरत, सरावाला बारीक पोताचा प्लायवूड चालतो. केंतो, म्हणजे कागद बसवायच्या खाचा, प्रत्येक फळीवर नेमक्या त्याच जागी हव्यात. एक कोपऱ्यात काटकोनी, दुसरी त्याच कडेला सरळ. रंगात भाताची खळ थोडीच घाला. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी लवकर छापा, पंखा बंद ठेवून. ओलसर कागद वाळला की आकसतो आणि गालाचा रंग रेषेबाहेर जातो. छापून झालेले कागदही लगेच ओल्या कागदांच्या थप्पीत, प्लास्टिकखाली सरकवा.