माद्रिदहून तोलेदो : ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्यासाठी एका दिवसाची आखणी

माद्रिदमध्ये शिकायला आलेल्या ग्वाल्हेरच्या मुलामुलींनी सकाळी निघून रात्री परत येण्यासारखे शहर विचारले, तर मी तोलेदोचे नाव सांगतो. माद्रिदच्या दक्षिणेला सुमारे ७० किलोमीटरवर, तीन बाजूंनी ताखो नदीने वेढलेल्या खडकावर हे जुने शहर वसलेले आहे. वाहनाने उरवाई दरवाजातून किल्ल्यावर जाणे आणि ग्वाल्हेर दरवाजातून पायी चढणे यांतला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला तोलेदो कसे पाहावे हे निम्मे आधीच कळलेले असते. शहराच्या उत्तर बाजूला सरकते जिने आहेत आणि परतताना ते खुशाल वापरावेत, परंतु पहिली चढण पायीच करावी.

वार निवडताना मंगळवार ते शुक्रवार यांपैकी एखादा दिवस धरावा. सोमवारी एल त्रान्सितो सिनेगॉगमधील, म्हणजे जुन्या यहुदी प्रार्थनागृहातील, संग्रहालय बंद असते आणि रविवारी सकाळी कॅथेड्रल उपासनेसाठी राखलेले असते. मी पहिल्या वेळी नेमका रविवारी गेलो आणि दुपारपर्यंत कॅथेड्रलच्या भिंतींभोवती फिरत राहिलो. दोष माझाच होता, कारण वेळापत्रक पाहण्याचे कष्ट मी घेतले नव्हते.

माद्रिदच्या आतोचा स्थानकावरून सुटणारी आवान्त ही जलद गाडी तोलेदोला साधारण अर्ध्या तासात पोहोचते. तिची आसने आरक्षित असतात आणि सुट्ट्यांच्या दिवसांत लवकर भरतात, म्हणून तिकीट काही दिवस आधी काढावे. ते न मिळाल्यास प्लाथा एलीप्तिका येथून बस मिळते. तिला वेळ अधिक लागतो, पण भाडे कमी पडते. आतोचाला गाडीत बसण्यापूर्वी सामानाची तपासणी होते, त्यासाठी हाताशी थोडा वेळ ठेवावा. सोबत निवासी ओळखपत्र, विद्यापीठाचे कार्ड (प्रवेशशुल्कात सवलत आहे का, हे प्रत्येक ठिकाणी विचारावे), पाण्याची बाटली आणि जाड तळव्याचे बूट असावेत, कारण गल्ल्या गोट्यांच्या फरसबंदीच्या आणि उताराच्या आहेत. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या जवळ जातो. ग्वाल्हेरच्या जेठात वाढलेल्या माणसाला त्याचे अप्रूप नाही, तरी टोपी न्यावी.

तोलेदोचे स्थानक नवमुदेखार शैलीतले, म्हणजे इस्लामी धाटणीच्या वीटकामाचे असून ते १९१९ सालचे आहे. तिथून आल्कान्तारा पुलाने नदी ओलांडावी आणि तटाच्या कडेने चढत पुएर्ता देल सोल या दरवाजापाशी यावे. त्याच्या जवळच ९९९ साली बांधलेली एक लहानशी मशीद आहे, जी पुढे चर्च झाली आणि आज क्रिस्तो दे ला लूथ या नावाने ओळखली जाते. जेमतेम आठ मीटर लांबीरुंदीच्या या वास्तूत नऊ खण आहेत आणि प्रत्येक खणावरचा घुमट वेगळ्या रचनेचा आहे, त्यामुळे इथे मान वर करून काही मिनिटे उभे राहावे. वर पोहोचल्यावर लागणाऱ्या चौकाचे नाव थोकोदोवेर असे आहे. ते अरबीतून आले असून त्याचा मूळ अर्थ जनावरांचा बाजार असा होतो.

या चढणीवर ग्वाल्हेरच्या माणसाने आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. आपल्या किल्ल्याच्या पायवाटेवर असलेल्या चतुर्भुज मंदिरात ८७६ सालचा शिलालेख आहे आणि त्यातील २७० व ५० या संख्यांत शून्य आजच्यासारखेच गोल कोरलेले आहे. ही अंकपद्धती अरबांनी भारताकडून घेतली. नवव्या शतकात बगदादमध्ये अल ख्वारिझ्मीने तिच्यावर ग्रंथ लिहिला, आणि त्याच्याच बीजगणिताचे लॅटिन भाषांतर बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने याच तोलेदोत बसून केले. १०८५ साली ख्रिस्ती राजा सहाव्या आल्फोन्सोने मुस्लिम सत्तेकडून शहर जिंकल्यानंतरही अरबी ग्रंथ आणि ते वाचू शकणारे लोक इथे राहिले होते, म्हणून हे काम इथे होऊ शकले. त्या भाषांतरकारांची स्वतंत्र इमारत नव्हती, तेव्हा ती शोधत फिरू नये.

सकाळचा उरलेला सगळा वेळ कॅथेड्रलला द्यावा. १२२६ साली सुरू झालेले हे गॉथिक बांधकाम १४९३ पर्यंत चालले. मुख्य वेदीच्या मागे नार्सिसो तोमे याने १७३२ मध्ये पूर्ण केलेली त्रान्सपारेन्ते नावाची शिल्परचना आहे. वेदीमागच्या काळोख्या जागेत उजेड यावा म्हणून त्याने छताचा भाग कापून काढला आणि त्या झरोक्याभोवती संगमरवर, रंगकाम आणि देवदूतांची अशी दाटी केली की पाहणाऱ्याला आधी गोंधळायला होते आणि मग हसू येते. मला ते आवडते, पुष्कळांना भडक वाटते. पवित्र वस्त्रांच्या दालनात एल ग्रेकोचे ‘एल एक्सपोलियो’ हे चित्र आहे, ते चुकवू नये.

जेवणाची वेळ दोन ते चारच्या दरम्यान असते आणि त्या सुमारास पुष्कळ दुकानेही बंद होतात. शाकाहारी विद्यार्थ्याने केवळ ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हणून थांबू नये, कारण त्यानंतरही ताटात हॅम किंवा ट्यूना येऊ शकतो. ‘सिन हामोन, सिन पेस्कादो’ (हॅमशिवाय, माशांशिवाय) हेही स्पष्ट सांगावे. भाज्यांचे पिस्तो मान्चेगो चालण्यासारखे असते, फक्त त्यावर अंडे नको असल्यास आधी सांगावे लागते. त्यापेक्षा खोलीवरूनच पोळी-भाजीचा डबा नेला तर वेळ आणि पैसे दोन्ही वाचतात.

दुपारनंतर शहराच्या पश्चिम भागातील यहुदी वस्तीत जावे. सान्तो तोमे चर्चमध्ये एल ग्रेकोचे ‘ओर्गाथच्या सरदाराचे दफन’ हे भव्य चित्र त्या सरदाराच्या थडग्यावर, मूळ जागीच आहे. सरदार १३२३ साली वारला आणि चित्र १५८६ ते १५८८ या काळात रंगवले गेले, तरी भोवतालचे शोकाकुल लोक चित्रकाराच्या स्वतःच्या काळातले आहेत. पुढे उभा असलेला मुलगा चित्रकाराचाच लेक समजला जातो, आणि मुलाच्या खिशातल्या रुमालावर १५७८ हे त्याचे जन्मसाल लिहिलेले आहे. जवळच सान्ता मारिया ला ब्लान्का या जुन्या सिनेगॉगच्या पांढऱ्या कमानी आहेत. ही दोन्ही ठिकाणे आणि सकाळची मशीद धरून सात वास्तू एकाच मनगटी पट्टीच्या तिकिटात येतात. कॅथेड्रलचे तिकीट मात्र वेगळे काढावे लागते. आल्काथार या गढीत लष्करी संग्रहालय आहे. एका दिवसाच्या भेटीत तिच्यावर पाणी सोडावे, असे माझे मत आहे.

खरेदीत बदाम आणि साखरेचे माथापान घ्यावे. आपल्या बदामाच्या वड्यांशी त्याचे जवळचे नाते आहे आणि घरी पाठवायलाही ते सोयीचे पडते. काळ्या पोलादावर सोन्याची तार ठोकून केलेले दागिने घेताना काम हाताचे आहे की यंत्राचे, हे विचारावे. तलवारी आणि सुऱ्या दुकानोदुकानी टांगलेल्या असतात, पण स्थानकावरची तपासणी लक्षात घेऊन त्या नुसत्या पाहाव्यात.

शेवटी सान मार्तीन पुलावरून नदीपलीकडे उतरावे आणि रस्त्याने मिरादोर देल वाये या कड्यावर जावे, कारण संपूर्ण शहर नदीच्या वळणासह एकत्र दिसते ते इथूनच. डिसेंबरात सूर्य सहाच्या आधी मावळतो आणि जूनमध्ये पावणेदहाच्या सुमारास, तेव्हा परतीचे तिकीट त्या हिशेबाने, पण शेवटच्या गाडीची वेळ पाहूनच काढावे. कड्यावरून स्थानकाकडे जाण्यासाठी पुन्हा शहरात शिरण्याची गरज नाही. स्थानक नदीच्या याच काठाला आहे, त्यामुळे दरीच्या कडेने पूर्वेकडे चालत राहिले की पूल न ओलांडता तिथे पोहोचता येते.