कडक उन्हाळ्यात परसातील कोंबड्यांना उष्माघातापासून वाचवताना

मार्च सरत आला की पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती, इंदापूर, दौंड आणि शिरूर या कमी पावसाच्या तालुक्यांत दुपारचा पारा चाळिशीकडे सरकू लागतो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात आणि तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यामुळे अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी तिला मुख्यतः धापांवरच अवलंबून राहावे लागते. हवा ३२ अंशांच्या वर गेली की हा ताण दिसू लागतो : चोच उघडी राहते, गळ्याची कातडी भराभर हलते, पंख अंगापासून सुटे धरले जातात आणि एरवी दिवसभर उकिरडा उकरणारी कोंबडी एका जागी उभी राहते. ही लक्षणे दिसण्याची वाट न पाहता तयारी आधीच करावी.

पहिले काम खुराड्याचे आहे. पत्र्याचे बंद खुराडे दुपारी भट्टीसारखे तापते, शिवाय सूर्यास्तानंतरही बराच वेळ आतली हवा गरम ठेवते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण कोंबड्या आत कोंडतो. पत्र्यावर बाहेरून चुन्याचा दाट हात द्यावा आणि त्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर दोरीने बांधून घालावा. मात्र पाचट लवकर पेट घेत असल्याने चूल आणि विजेच्या तारा त्यापासून दूर असाव्यात. दाराच्या आणि समोरासमोरच्या दोन बाजूंच्या फळ्या काढून तेथे मजबूत बारीक जाळी ठोकावी, म्हणजे वारा आरपार खेळेल आणि मुंगूस किंवा मांजर आत शिरणार नाही. नवे खुराडे बांधणाऱ्यांनी त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे लांब बाजूंवर थेट ऊन कमी येते. शहरात गच्चीवर कोंबड्या ठेवणाऱ्यांनी मात्र एप्रिल-मे या दोन महिन्यांसाठी त्या खाली, इमारतीच्या उत्तरेकडील सावलीत आणाव्यात. तापलेल्या स्लॅबवर कितीही आच्छादन घातले तरी ते अपुरे पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओल्या गोणपाटाचा उपाय सर्वांना ठाऊक आहे, पण तो केव्हा करावा आणि केव्हा थांबवावा, याकडे दुर्लक्ष होते. हवा कोंबडीच्या अंगाइतकी तापली की नुसत्या वाऱ्याने किंवा पंख्याने तिला गारवा मिळत नाही. तेव्हा पाण्याच्या बाष्पीभवनाचाच आधार असतो. वाळवंटी प्रदेशांत आणि आपल्याकडच्या एप्रिलमधील कोरड्या दुपारी हवा ओलावा झपाट्याने शोषून घेते, म्हणून वाऱ्याच्या बाजूला भिजवलेले गोणपाट टांगल्यास आतले तापमान काही अंशांनी उतरते. मे महिन्यात वळवाची सर येऊन गेल्यावर मात्र हवा दमट होते आणि तेच गोणपाट वारा अडवून आत कोंदटपणा वाढवते. धापांनी उष्णता बाहेर टाकणेही दमट हवेत अवघड होत असल्याने अशा दिवशी पडदे पूर्ण गुंडाळून ठेवावेत, शिंपण बंद करावे आणि असल्यास पंखा लावावा. खुराड्यात अंथरलेले तूस ओले होऊ देऊ नये. ओल्या तुसातून अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि श्वसनाचे विकार बळावतात.

उन्हाळ्यात कोंबडीची पाण्याची गरज दुपटीपर्यंत किंवा त्याहूनही वाढते, परंतु पाणी कोमट झाले की ती पिण्याचे टाळते. भांड्यात बोट बुडवून पाहावे. आपल्याला पाणी कोमट लागले तर ते बदलावे. मातीची पसरट भांडी सावलीत, एकापेक्षा अधिक ठिकाणी ठेवावीत, म्हणजे दुबळ्या कोंबड्यांनाही वाटा मिळतो. टाकीतून उघड्यावरच्या पाइपाने येणारे पहिले गरम पाणी सोडून द्यावे.

खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्यावे. पचनातून उष्णता निर्माण होते आणि सकाळी उशिरा खाल्लेल्या दाण्याची उष्णता ऐन दुपारच्या तापात भर घालते. दुपारी कलिंगडाच्या साली किंवा काकडी थोडी द्यावी, पोटभर नव्हे. धापांमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून अंड्यांचे कवच पातळ पडते, त्यासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. या काळात अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करावीत आणि शक्यतो खुडूक, म्हणजे अंडी उबवायला आलेली कोंबडी रवणीला (अंड्यांवर) बसवू नये. मानमोडी (राणीखेत) या रोगाची लस टोचायची असल्यास ती पहाटेच्या गारव्यात टोचून घ्यावी.

एखादी कोंबडी मान टाकून पडली आणि तिचा तुरा काळपट दिसू लागला, तर तिला लगेच सावलीत न्यावे, पाय आणि तुरा साध्या गार पाण्याने भिजवावेत आणि वारा घालावा. बर्फाचे पाणी वापरू नये आणि चोचीत बळेच पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. शुद्धीवर आल्यावर इलेक्ट्रोलाइट (क्षारांची पावडर) मिसळलेले पाणी समोर ठेवावे. ही पावडर पशुवैद्यकांनी सांगितलेल्या प्रमाणातच द्यावी. उष्माघाताने होणारी मरतुक बहुधा दुपारी आणि संध्याकाळी, तीही वजनदार कोंबड्यांत आधी होते. रात्रीच्या गारव्यातही पक्षी मरत असतील, हिरवट हगवण किंवा मान वाकडी होणे दिसत असेल, तर तो उन्हाचा त्रास समजून थांबू नये. मेलेले पक्षी उघड्यावर न टाकता वेगळे ठेवून त्याच दिवशी जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.