‘नुसता नकाशा तर काढायचाय’: बंगल्याच्या कामाची फी ठरवायला मी कशी शिकले

आर्किटेक्चरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात फीचा विषय अगदी शेवटी येतो. व्यावसायिक व्यवहाराच्या पेपरसाठी आम्ही आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या वास्तुकला परिषदेच्या शुल्कपत्रकातले आकडे पाठ केले होते आणि स्वतंत्र घरासाठी प्रकल्पखर्चाच्या साडेसात टक्के हा आकडा मला परीक्षेनंतरही आठवत होता. पुण्यात चार वर्षे नोकरी करून २०१४ मध्ये साताऱ्यात स्वतःची कचेरी थाटली, तेव्हा पहिल्याच घरमालकासमोर तो आकडा तोंडातून बाहेर पडला नाही.

ते निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. शहराला लागून असलेल्या बिनशेती प्लॉटवर १,८०० चौरस फुटांचा दुमजली बंगला बांधायचा होता. “मॅडम, नुसता नकाशा तर काढायचाय, बाकी आमचा मिस्त्री जाणता आहे,” असे ते म्हणाले आणि शेजारच्या घराचे काम कोणी चौरस फुटाला तीस रुपयांनी केले तेही त्यांनी सांगून टाकले. मी लगेच तीस रुपयांना होकार दिला. एकूण ५४,००० रुपये झाले आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची, म्हणजे घराच्या मजबुतीचे गणित करणाऱ्याची, फी त्यातच धरण्याची चूक मी त्याच बैठकीत केली.

पुढे काय झाले ते सांगते, कारण ते जवळजवळ प्रत्येक नवख्याच्या वाट्याला येते. नकाशा चार वेळा बदलला. आधी देवघर ईशान्येला आणले, मग मुलाच्या सांगण्यावरून जिना बाहेरून घेतला आणि नंतर तो पुन्हा आत आला. मंजुरीसाठीचा नकाशांचा संच तयार झाल्यावर मिस्त्रीने जिन्याचा तपशील मागितला, मग दारे-खिडक्यांचे तक्ते, शौचालयांच्या फरशीचे उतार, विजेचे पॉइंट. जाणता मिस्त्री खरोखरच जाणता होता. पण जोते भरताना त्याने लेव्हल चुकवली आणि तेव्हापासून आठवड्यातून एकदा साइटवर जाणे भागच पडले. सवयीने मी कामाची डायरी ठेवत होते. घर पूर्ण झाल्यावर तिच्यातले तास मोजले, तर ते ४२० भरले. स्ट्रक्चरल इंजिनिअरचे १४,४०० रुपये वजा जाता ३९,६०० उरले होते, म्हणजे तासाला ९४ रुपये. त्यातून पेट्रोल, प्रिंट आणि कचेरीचे भाडे काढल्यावर माझ्या आठ तासांच्या दिवसाची मिळकत आमच्या साइटवरच्या गवंड्याच्या हजेरीच्या आसपासच राहिली. गवंड्याला ती दर शनिवारी रोख मिळत होती. माझा शेवटचा हप्ता वास्तुशांतीनंतर सहा महिन्यांनी आला.

या प्रकरणात गुरुजींचा दोष नव्हता. ते नकाशा विकत घेत होते, मी मात्र घर पूर्ण होईपर्यंतची सेवा देत होते आणि या दोहोंतला फरक आम्ही दोघांनीही कागदावर मांडलेला नव्हता. फीचा आकडा पटवून देण्याआधी काम कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ठरवावे लागते, एवढी गोष्ट मला त्या ४२० तासांनी शिकवली.

बाजाराची एक बाजू नवख्याने आधीच समजून घ्यावी. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी नोंदणीकृत व्यक्तींसाठी राखून ठेवली आहे. घराचे नकाशे काढण्याचे काम मात्र त्या कायद्याने राखून ठेवलेले नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तालुक्याच्या गावी परवानाधारक अभियंताही मंजुरीचा नकाशा काढून देतो आणि तो आपल्यापेक्षा स्वस्तात देतो. त्याच्याशी दराने स्पर्धा करण्यात अर्थ नसतो, कारण तो बहुधा मंजुरीच्या संचापाशी थांबतो. आपण त्यापुढे काय करतो हे घरमालकाला समजले, तरच वेगळी फी मागता येते.

फी सांगण्याच्या ज्या तीन पद्धती आपल्याकडे रूढ आहेत, त्यांतली टक्केवारी पुस्तकात सर्वांत सरळ दिसते. प्रत्यक्षात घरमालकाच्या मनात शंका येते की हा माणूस महागडी फरशी सुचवतो ती घरासाठी की स्वतःच्या फीसाठी. आणि खरोखर विचार करून स्लॅबचे स्टील वाचवले, तर आपलीच फी कमी होते. शिवाय खर्च म्हणजे नेमके काय, यावर वाद होतो. जमिनीची किंमत त्यात येत नाही हे सर्वांना पटते. परंतु घरमालकाने भावाच्या दुकानातून स्वतः आणलेले सिमेंट आणि सळई खर्चात धरायची, हे मात्र आधी लिहून घ्यावे लागते. चौरस फुटाचा दर लोकांना तोंडी हिशेबाला सोपा जातो, पण तो लहान घरांवर अन्याय करतो. ९०० फुटांच्या घरालाही जिना, स्वयंपाकघर, दोन शौचालये आणि मंजुरीचा तोच संच लागतो, उलट अडचणीच्या प्लॉटवर डोके जास्त खर्चावे लागते. म्हणून मी आता तिसरी पद्धत वापरते: आतला हिशेब तासांचा करते आणि घरमालकाला ठोक रक्कम सांगते.

तो हिशेब असा. माझा स्वतःचा पगार, भाडे, सॉफ्टवेअर, प्रवास हे सगळे धरून कचेरीला महिन्याला ६०,००० रुपये लागतात असे समजा. महिन्यात मी दोनशे तास काम करत असले, तरी त्यांतले सुमारे १२० तासच कोणाच्या तरी नावावर लावता येतात. बाकीचे चौकशीला आलेल्यांशी बोलण्यात, नगरपालिकेत ताटकळण्यात आणि वसुलीच्या फोनमध्ये जातात. म्हणजे तासाचा दर ५०० रुपये. गुरुजींच्या घराएवढ्या कामाला, कामाची व्याप्ती लिहून ठेवलेली असेल तर, ३०० तास पुरतात आणि फी दीड लाख होते. फुटाला २,२०० रुपये खर्च धरला तर घर ३९ लाख ६० हजारांचे होते, म्हणजे ही फी पावणेचार टक्क्यांच्या जवळ जाते. परिषदेच्या आकड्याच्या ती जेमतेम निम्मी आहे हे मी लपवत नाही. आमच्या गावात त्यापुढे अजून मला जाता आलेले नाही.

व्याप्तीचे पत्र मी मराठीत लिहिते, कारण सही करणाऱ्याला ते वाचता आले पाहिजे. नकाशाचे किती पर्याय देणार आणि पसंतीनंतर किती बदल फीमध्ये करणार, हे त्यात आकड्यात असते. त्यापुढच्या बदलाला प्रत्येक शीटमागे वेगळा दर लागतो. साइटवरच्या भेटी किती आणि कोणत्या टप्प्यावर, हेही तसेच लिहिते. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी घरमालक त्यांनाच थेट देतो. विकास शुल्क, छाननी शुल्क आणि लागू असेल तर कामगार कल्याण उपकर तो स्वतःच्या खात्यातून भरतो, माझ्या हातातून ती रक्कम जात नाही. जागा मोजणी नकाशाप्रमाणे आहे की नाही याची जबाबदारी मी घेत नाही. अंतर्गत सजावट आणि कंपाउंडची भिंत घराच्या कामात येत नाही, हे वाक्य वाचून अनेकजण चमकतात. तेव्हाच चमकलेले बरे.

हप्ते कामाच्या पुढे राहावेत. नेमणुकीला १० टक्के, नकाशाच्या पसंतीला २०, मंजुरीसाठी संच दाखल करताना २५, बांधकामाचे तपशील देताना २० आणि उरलेले २५ जोते, स्लॅब, गिलावा व भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज या चार टप्प्यांत विभागून घेते. मंजुरीनंतर कितीतरी मालक कर्ज होत नाही म्हणून थांबतात; तोवर ५५ टक्के हातात आलेले असतील तर आपले नुकसान होत नाही. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते आणि १८ टक्के वर लागतात. साध्या घरमालकाला त्यांची वजावट मिळत नसल्याने ती रक्कम पहिल्या बैठकीतच वेगळी सांगावी.

एका गोष्टीबद्दल मी कठोर आहे. फी कमी सांगायची आणि फरशीवाल्याकडून किंवा ठेकेदाराकडून कमिशन घ्यायचे, हा मार्ग तुम्हाला कोणी ना कोणी वडीलकीच्या नात्याने सुचवेलच. काम मिळवून देण्याबद्दल कमिशन देणे-घेणे १९८९ च्या व्यावसायिक आचरणाच्या नियमांना धरून नाही, हे झाले कायद्याचे. व्यवहाराचे असे की ज्या ठेकेदाराचे पैसे घेतले, त्याला भेगाळलेला गिलावा उतरवायला सांगण्याची हिंमत राहत नाही.

गेल्या वर्षी गुरुजींची मुलगी स्वतःच्या घरासाठी आली. मी तिला चार पानांचे पत्र दिले आणि दीड लाखाचा आकडा सांगितला. तिने ते घरी नेले आणि आठ दिवसांनी पेन्सिलीच्या खुणा करून आणले. विजेच्या तपशिलाचे काम तिचा नवरा करणार होता म्हणून ते तिने खोडले होते, साइटच्या भेटी मात्र दहाच्या चौदा केल्या होत्या. आम्ही बेरीज-वजाबाकी केली, फी १,५४,००० झाली. सही करताना ती म्हणाली, “ताई, बाबा अजून म्हणतात तुम्ही नुसता नकाशाच काढून दिलात.”